वाडीचा गुडघा, शांघायचा हात

लेण्याद्रीला पायऱ्या किती, यावर जुन्नर तालुक्यात एकमत व्हायचं नाही. मोजणारा दमतो, मध्येच माकडं आडवी येतात, आकडा हुकतो. तीनशेच्या आसपास धरा आणि वर जाऊन दर्शन घ्या. गंमत पुढे आहे, उतरताना.

बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी काही रुग्णांना कृत्रिम गुडघा बसवताना त्याच्या पोटातच भार मोजणारे सेन्सर बसवले. रुग्ण बसले, उठले, जिने चढले-उतरले, आणि गुडघ्याने आतूनच आकडे कळवले. २०१० साली ते छापून आले. दोन्ही पायांवर नुसतं उभं राहिलं तरी एका गुडघ्यावर अख्ख्या शरीराच्या वजनाहून थोडा जास्तच भार असतो. निम्मा असायला हवा ना? पण भोवतीचे स्नायू सांधा आवळून धरतात, त्यांचा ताण त्यात मिळतो. सपाट रस्त्यावर चालताना भार अडीचपटीच्या थोडा वर जातो. पायऱ्या चढताना तिपटीच्या वर. उतरताना जवळजवळ साडेतीनपट.

म्हणजे ६० किलो वजनाची बाई लेण्याद्री उतरते, तेव्हा प्रत्येक पायरीला तिच्या गुडघ्यावर दोन क्विंटलहून जास्त भार येतो. नारायणगावच्या मार्केटमध्ये टोमॅटोचे वीस किलोंचे दहा क्रेट एकावर एक रचा, तेवढा. "चढायला काही वाटत नाही, उतरताना जीव जातो" असं आज्या म्हणतात ते अगदी मोजून-मापून खरं आहे.

वाडीत गुडघ्यांना काम फार

नारायणगावला चिकटून असलेल्या वारूळवाडीत गुडघ्याला सुट्टी नसते. कांद्याची लागण बसून, खुरपणी बसून, कांदा काटायचा तोही बसून. सुट्टीच्या दिवशी पाहुणे आले की शिवनेरी. चैत्रात जत्रा. शेजारच्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. पायात घुंगरांचं ओझं बांधून फळीवर रात्रभर ठेका धरणाऱ्या कलावंतिणींच्या गुडघ्यांवर कुणी सेन्सर लावलेले नाहीत. लावले असते तर बर्लिनवाल्यांचे डोळे पांढरे झाले असते.

या गुडघ्यांसाठी चीनमध्ये एक जुना हातखंडा आहे. नाव तुइना. हाताने ढकलायचं, धरायचं, दाबायचं, फिरवायचं, खेचायचं. आपल्याकडे ज्याला मालिश म्हणतात त्याच्या हा प्रकार जवळचा, पण तिथे तो पारंपरिक औषधशास्त्राचा रीतसर विभाग आहे. रुग्णालयात त्याची ओपीडी असते आणि त्यात पदवी घेता येते.

तेल नको, तांदळाची पिशवी आणा

आपल्याला पहिला धक्का इथेच बसतो: मोठ्या माणसांची तुइना बहुतेक वेळा बिनतेलाची असते. कपड्यांवरून किंवा वर एक सुती फडकं टाकून. तेलाची वाटी हातात घेतल्याशिवाय ज्यांना मालिश झाल्यासारखं वाटत नाही, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

तिचा सगळ्यात नावाजलेला हात म्हणजे 'गुन'. हाताची पालथी बाजू करंगळीच्या अंगाने मांडीवर टेकवायची आणि मनगट सैल सोडून पुढे-मागे लाटत राहायचं, जणू पोळीला लाटणं सापडलं नाही म्हणून हातच वापरला. वेग मिनिटाला १२० ते १६०. तोही न थांबता, एका लयीत, खाली कातडी न घासता. माणसाच्या अंगाला हात लावण्याआधी विद्यार्थी कित्येक महिने तांदूळ किंवा वाळू भरलेल्या पिशवीवर हा सराव करतात. ही पद्धत शांघायच्या डिंग जीफेंग यांनी विसाव्या शतकात रूढ केली. त्याच शहरात १९५६ साली तुइनाचे सरकारी वर्ग सुरू झाले.

याहून जुनी गंमत थांग राजवटीतली, म्हणजे साधारण सातव्या ते दहाव्या शतकातली. राजदरबाराच्या वैद्यकखात्यात चार शाखा होत्या: औषध, सुया, मर्दन आणि मंत्र. मर्दन शिकवणाऱ्याला अधिकृत पद होतं. मंत्रवाल्यालाही होतं, हे सांगून टाकलेलं बरं.

करकरणारा गुडघा आणि दोन प्राणी

सुजून टम्म झालेला गुडघा आणि वर-खाली वाळलेला पाय हे चित्र चिनी वैद्यांना क्रौंच पक्ष्याच्या पायासारखं दिसलं. त्यांनी दुखण्याला क्रौंचाच्या गुडघ्याचं नाव दिलं. आपल्या सुश्रुताला सुजलेला गुडघा कोल्ह्याच्या डोक्यासारखा वाटला, म्हणून क्रोष्टुकशीर्ष. आजच्या हिशेबात ही दोन्ही नेमकी कुठली दुखणी, यावर वैद्यमंडळी खुशाल वाद घालोत. पण हिमालयाच्या दोन्ही बाजूंचे वैद्य रुग्णाचा गुडघा बघताना जंगलाकडे बघत होते, एवढं नक्की.

चिनी वैद्यकातले दाबबिंदूही असेच चित्रमय. खुर्चीवर बसा, गुडघा वाकवा, वाटीच्या खाली बघा. मधल्या जाड शिरेच्या दोन बाजूंना दोन खळगे दिसतील. त्यांतल्या बाहेरच्या खळग्याला वासराचं नाक म्हणतात. एकदा बघितलं की दुसरं काही दिसतच नाही. वेद म्हणणाऱ्या रेड्याची समाधी ज्या आळे गावात आहे, ते इथून जवळच. त्या मुलखात वासराचं नाक गुडघ्यात सापडलं तर नवल कशाचं?

खळग्याच्या चार बोटं खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला 'त्सू सान ली' हा बिंदू. तो दाबला की थकलेला माणूस आणखी तीन ली चालतो अशी समजूत. ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. जपानी कवी बाशो १६८९ साली वयाच्या पंचेचाळिशीत उत्तरेच्या लांबलचक पायी प्रवासाला निघाला, तेव्हा निघण्याआधी त्याने याच जागी औषधी वनस्पतीची ऊब दिली होती. त्याने तसं लिहून ठेवलंय.

कबरीतला तक्ता

चीनमधल्या चांगशा शहराजवळ मावांगद्वी इथे १९७०च्या दशकात एक कबर उघडली. ती इसवी सनापूर्वी १६८ सालची. आत रेशमावर रंगवलेला एक तक्ता मिळाला: ४४ माणसं, प्रत्येकाचा वेगळा व्यायाम. कुणी वाकलाय, कुणी हात वर करून ताणतोय, कुणी काठी धरून उभा. एका आकृतीशेजारी चक्क गुडघेदुखीसाठी अशा अर्थाची नोंद आहे.

आपल्या नाणेघाटातला नागनिकेचा शिलालेख बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. म्हणजे सातवाहनांचे व्यापारी बैल हाकत तो घाट चढायच्या आधीच चीनमध्ये कुणीतरी गुडघेदुखीचा तक्ता सोबत घेऊन कबरीत झोपलं होतं. मेल्यावरही गुडघे त्रास देतील अशी भीती असावी.

पायाळूची लाथ

उसण भरली की गावात पायाळू माणूस शोधतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने पाठीवर हलकी लाथ मारली की उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. शहरात ऑर्थोपेडिककडे जाणारेसुद्धा जाता-जाता पायाळूची चौकशी करतात. (पायाळूला मात्र आयुष्यभर कुणाच्या तरी पाठीवर लाथ मारावी लागते. त्याची उसण कोण उतरवणार?)

चीनमध्ये पायाने करायची एक वेगळीच शाखा आहे. उपचार करणारा छताला टांगलेल्या दांड्याला धरतो, स्वतःचं वजन हाताने तोलतो आणि पालथ्या झोपलेल्या माणसाच्या पाठीवर पायांनी चालतो. जन्म कसाही झालेला चालतो; मात्र दांडा मजबूत लागतो. आपल्याकडे हे काम घरातल्या पाच-सहा वर्षांच्या पोराला दिलं जातं. आजोबा पालथे पडतात आणि पोरगं पाठीवर नाचतं. फी एक गोळी.

कूर्चा म्हणजे काय चीज आहे

आता जरा थांबून गुडघ्याच्या आत बघू. खरी मजा इथे आहे.

मांडीचं आणि नडगीचं हाड जिथे भेटतात तिथे दोन्हींवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. कूर्चेवर कूर्चा इतकी कमी घासते की बर्फावर बर्फही तिच्यापुढे खरखरीत ठरतो. या थरात रक्तवाहिन्या नसतात. नसाही नसतात. मग तिला अन्न कुठून मिळतं? सांध्यातल्या चिकट द्रवातून. पाऊल टाकलं की थर दाबला जातो आणि द्रव बाहेर येतो. पाऊल उचललं की तो परत आत जातो. चालणं म्हणजे कूर्चेचं जेवण. "गुडघे झिजलेत, आता बसूनच राहा" हा सल्ला देणारे तिला उपाशी ठेवतात.

आणि कूर्चेत नसाच नसतील तर झिजलेला गुडघा दुखतो कुठे? खालचं हाड, सांध्याचं अस्तर, भोवतीचे स्नायुबंध, वाटीच्या खालची चरबी, हे सगळे ओरडतात. म्हणूनच एक्स-रे भयानक आणि माणूस मजेत, किंवा एक्स-रे साधा आणि माणूस बेजार, अशी जोडी दवाखान्यात रोज दिसते.

त्यात एक खोड. गुडघा दुखला किंवा सुजला की मेंदू मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला आपोआप ढिलं करतो. आपल्याला कळतही नाही. स्नायू ढिला, तर सांध्याला आधार कमी. आधार कमी, तर दुखणं जास्त. दुखणं जास्त, तर स्नायू आणखी ढिला. महिन्याभरात मांडी वाळलेली दिसते. लोक म्हणतात गुडघा गेला. गुडघ्याआधी मांडी गेलेली असते.

आणखी एक बारीक गोष्ट, जी फार थोड्या लोकांना ठाऊक असते. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा नुसता उघड-मीट करत नाही. पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी किंचित बाहेर वळते आणि सांधा कुलपासारखा बंद होतो. म्हणून आपण बसस्टँडवर तासभर उभे राहू शकतो. मांडीला फार कष्ट पडत नाहीत. पुन्हा वाकायचं तर गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू ते कुलूप उघडतो. झीज झालेल्या गुडघ्यात मागचे स्नायू आखडतात, पाय पूर्ण सरळ होत नाही आणि कुलूप लागतच नाही. मग नुसतं उभं राहणंही मांडीला मजुरी होऊन बसते. तुइना करणारा आखडलेली पोटरी, गुडघ्यामागची खळगी आणि मांडीचा मागचा भाग इतका वेळ का दाबतो, वाटी वर-खाली, आत-बाहेर का सरकवतो, शेवटी पाय धरून हळूच का खेचतो, त्याची यांत्रिक बाजू ही आहे. चिनी पुस्तकात ते 'ची', म्हणजे प्राणशक्ती, मोकळी करणं म्हणून लिहिलेलं असेल. हात मात्र योग्य जागी पडतोय.

कॅमेऱ्यासमोर चालून दाखवा

'बरं वाटलं' हे मोजणार कसं? त्यासाठी चालीची प्रयोगशाळा असते. नितंब, गुडघा, घोटा इथे चमकणारे ठिपके चिकटवतात, भोवती इन्फ्रारेड कॅमेरे लावतात, जमिनीत भार मोजणाऱ्या पट्ट्या असतात. रुग्ण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालतो आणि संगणक प्रत्येक सांध्याचा कोन आणि जोर काढतो.

शांघायच्या अभ्यासकांनी गुडघ्याची झीज असलेल्या काही बायकांची चाल तुइनाच्या आधी आणि नंतर अशी मोजली. २०१५ सालचा हा अभ्यास छोटा होता. दुखणं कमी झालं. चालण्याचा वेग वाढला. सांध्याचे कोन मात्र फारसे हलले नाहीत. मला हा निकाल विश्वासार्ह वाटतो, कारण तो फार गोड नाही. दुखणं उतरलं म्हणून माणूस धीराने पाय टाकायला लागला. गुडघा नवा झाला नाही.

नवा होणारही नाही. चालताना गुडघ्यावरच्या भाराचा मोठा वाटा, सुमारे साठ-सत्तर टक्के, आतल्या बाजूला पडतो. झीज तिथेच आधी सुरू होते. आतली बाजू बसली की पाय फेंगडे होतात, फेंगडे झाले की आतल्या बाजूवर भार आणखी वाढतो. हे हाडाचं गणित आहे. कुणी हाताने चोळून ते सरळ करून देतो म्हणत असेल, तर त्याच्याकडे चहा घ्या आणि घरी या.

मग दुखणं उतरतं कसं? १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की पाठीच्या कण्यात वेदनेचं एक दार असतं. स्पर्शाच्या, दाबाच्या संवेदना आल्या की ते दार अर्धवट मिटतं. कोपर दारावर आपटलं की आपण ते लगेच चोळतो, ते याचमुळे. पुढे स्पर्श आणि दाब ओळखणारी प्रथिनं सापडली आणि मिरचीचा झणका ओळखणारंही सापडलं; या दोन्ही शोधांसाठी २०२१चं नोबेल मिळालं. मिरचीतल्या त्याच द्रव्याचं मलम गुडघ्याला लावतात. फक्त लावल्यावर डोळ्याला हात लावू नका.

कट्ट!

बोटं मोडली की संधिवात होतो, ही प्रत्येक आईची धमकी. अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर या डॉक्टराने ती मनावर घेतली. साठ वर्षांहून जास्त काळ तो एकाच हाताची बोटं मोडत राहिला आणि दुसरा हात तसाच ठेवला. दोन्ही हातांत फरक पडला नाही. २००९ साली त्याला इग नोबेल हा गमतीचा पुरस्कार मिळाला. मालिशवाल्याने पाय खेचल्यावर सांध्यातून येणारा 'कट्ट' आवाजही बहुधा द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा. हाड जागेवर बसल्याची ती पावती नव्हे, पण गिऱ्हाइकाला ती पावतीच वाटते. म्हणून चांगला मालिशवाला एक तरी कट्ट काढूनच सोडतो.

भिगवण आणि बीजिंग

भिगवण म्हटलं की फ्लेमिंगो आठवतात. पण सांधेदुखीच्या जगात भिगवणचं नाव वेगळ्याच कारणाने आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारातल्या एका पाहणीसाठी पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ साली या गावात घरोघरी जाऊन चार हजारांहून जास्त प्रौढांना विचारलं: कुठे दुखतं? जवळजवळ पाचातल्या एकाला हाडा-स्नायूंचं काहीतरी दुखणं निघालं. भारतातल्या खेड्याचा असा नीट मांडलेला हिशेब तोपर्यंत क्वचितच झाला होता, आणि झाला तो आपल्याच जिल्ह्यात.

तिकडे बीजिंगमध्ये तशाच मोठ्या पाहणीतून कळलं की तिथल्या वयस्क बायकांमध्ये गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या बायकांपेक्षा जवळजवळ दीडपट आहे. कंबरेच्या खुब्याची झीज मात्र फारच कमी. २००४ साली त्याच पथकाने विचारलं: पंचविशीत असताना रोज किती वेळ उकिडवे बसत होता? दर तीन बायकांमध्ये दोघींनी तासाच्या वर सांगितलं. जास्त वेळ उकिडवं बसणाऱ्यांच्या गुडघ्यात झीज जास्त होती. खुरपणीच्या बायकांना हे कळायला बीजिंगला जायची गरज नाही. आणि आपल्या भागात उकिडवं बसण्याचा दुसराही धोका आहे. बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतो. वनखात्याचे लोक शेतात वाकून-बसून काम करताना सावध राहा म्हणून सांगतात.

सोलापूरहून चीनला

चीनचं वैद्यक आपल्याकडे आलं त्या वाटेवर एक मराठी माणूस उभा आहे. १९३८ साली पाच डॉक्टरांचं भारतीय वैद्यकीय पथक मुंबईहून चीनला निघालं. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजॉय कुमार बसू होते. कोटणीस चिनी शिकले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिशीत, तिथेच गेले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर १९४६ साली चित्रपट काढला. बसू मात्र पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, सुया टोचायचं शास्त्र शिकले आणि कोलकात्यात ते सुरू केलं. पुढे महाराष्ट्राने अॅक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा केला.

काळा तळपाय, ब्रायटनच्या कुबड्या

आपलेही हात काही कमी नाहीत. जानुबस्तीत उडदाच्या पिठाचं कडं गुडघ्याभोवती बसवून त्यात कोमट तेल धरतात. काशाच्या वाटीने तळपाय घासतात. आता तर त्याची यंत्रं निघालीत. काशाच्या फिरत्या थाळीवर पाय ठेवायचे आणि पैसे मोजायचे. तळपाय काळे पडले की दुकानदार म्हणतो, बघा, शरीरातली उष्णता बाहेर आली. तो काळेपणा धातू आणि तेल घासल्याचा. पाय न ठेवता लिंबू घासलं असतं तरी काळं पडलं असतं. पण अर्धा तास बसून पाय चोळून घेतल्यावर बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही.

वारीत तर हे फुकट मिळतं. वाटेवरच्या गावात तरुण पोरं तेलाच्या बाटल्या घेऊन बसतात आणि वारकऱ्यांचे पाय चेपून देतात. फिजिओथेरपीचे विद्यार्थीही येतात. पालखीबरोबर चालणाऱ्या सत्तरीतल्या बाईंना जाहिरातीतल्या गुडघ्याच्या गोळ्या विचारा, त्या हसतील.

आणि जगात मालिशची सगळ्यात भारी जाहिरात एका भारतीयानेच केली. पाटण्याचे शेख दीन महंमद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या ब्रायटन गावी वाफेचं न्हाणीघर आणि मालिश चालवत. बरे झालेल्या संधिवाताच्या रुग्णांनी टाकलेल्या कुबड्या त्यांनी भिंतीवर टांगून ठेवल्या होत्या. पुढे दोन राजे त्यांचे गिऱ्हाईक झाले.

मग चोळायचं की नाही?

अमेरिकेत २२२ रुग्णांवर एक नीट चाचणी झाली, २०१९ साली छापली. आठवड्याला एकदा तासभर मालिश. आठ आठवड्यांनी मालिश घेणारे इतर गटांपेक्षा चांगल्या स्थितीत होते. वर्षभराने सगळे गट सारखेच. त्याच साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या मार्गदर्शनात मालिश बसली 'शक्यतो नको' या यादीत, कारण पुरावा तोकडा. ठामपणे 'करा' म्हटलं ते व्यायाम, वजन घटवणं, लावायचं जेल आणि चक्क ताई ची, हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम. म्हणजे चीनचा हात मागे पडला आणि चीनचा पाय पुढे गेला. ताई ची आणि फिजिओथेरपी यांची समोरासमोर तुलना २०१६ साली झाली, २०४ रुग्णांवर. दोन्ही सारखीच उपयोगी निघाली.

या यादीकडे बघून मालिशवाल्याला हिणवणाऱ्यांनी २००२ सालची ह्यूस्टनची गोष्टही ऐकावी. तिथे १८० रुग्णांपैकी काहींची दुर्बिणीने गुडघा साफ करायची शस्त्रक्रिया झाली. काहींच्या गुडघ्यावर नुसता छेद घेऊन टाका घातला. दुखणं दोन्हीकडे सारखंच उतरलं. भ्रमाची शक्ती फक्त गावच्या पायाळूत नसते, ती ऑपरेशन थिएटरातही असते.

माझं मत विचाराल तर: चोळून घ्या, पण चोळून झाल्यावर मिळालेला तो निवांत तास उठून चालण्यात घालवा. वजन एक किलो घटलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी घटतो, हे २००५ साली मोजलं गेलंय. दिवसाला पाच हजार पावलं धरली तर एका गुडघ्याच्या वाट्याला अडीच हजार. दहा हजार किलो, रोज. एवढा माल उतरवायला मार्केटात हमाल किती लागतील, ते नारायणगावकरांनी सांगावं.

दोन ठिकाणी हात लावूच नका. पोटरी एकाएकी सुजून गरम लागत असेल तर आत रक्ताची गाठ असू शकते. ती चोळायची नसते. गुडघा लाल, तापलेला आणि सोबत अंगात ताप असेल, तर आधी डॉक्टर.

काठी कुठल्या हातात?

पारावर बसून पैज लावायची असेल तर हा प्रश्न घ्या. उजवा गुडघा दुखतोय, काठी कुठल्या हातात धराल? दहांतले बरेच जण उजव्या म्हणतील. काठी डाव्या हातात धरायची, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध. उजवं पाऊल पडतं तेव्हा डावा हात काठीवर टेकतो, शरीर त्या बाजूला तोललं जातं आणि दुखऱ्या गुडघ्याच्या आतल्या बाजूचा भार हलका होतो. काठी मनगटाच्या उंचीची हवी. उभं राहून हात सैल सोडला की मनगट जिथे येतं, तिथवर. तमाशातला म्हातारा सोंगाड्या काठी नेहमी चुकीच्याच हातात धरतो. पण त्याला लंगडून दाखवायचं असतं.